सुडोकूचें कठीण कोडें : तर्क कीं अंदाज ?

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांतील ८१ घरांचें कोडें सकाळच्या चहाबरोबर हातीं घेणारीं माणसें पुष्कळ घरांतून आढळतात. कोडें सोपें असलें तर चहा संपण्यापूर्वींच तें सुटतें. कठीण असलें म्हणजे मात्र एक ठराविक प्रसंग ओढवतो. बरींचशीं घरें भरून होतात, आणि मग पेन्सिल एकाएकीं थांबते. कोणत्याहि रिकाम्या घरांत निःशंकपणें लिहावा असा एकहि अंक दिसत नाहीं. एका घरांत ३ किंवा ८ यांपैकींच कांहीं तरी येणार, एवढें कळतें. तेव्हां ‘३ घालून तर पाहूं’ असें मनाशीं म्हणून मनुष्य पुढें चालूं लागतो. आणखी वीस घरें भरल्यावर एकाच ओळींत दोन ६ उभे राहतात. आतां यांतला कोणता अंक पहिल्यापासूनचा खरा आणि कोणता त्या ३ च्या पोटीं जन्मलेला, हें ओळखण्याची सोय उरलेली नसते. खोडरबर फिरूं लागतो, कागद विरतो, आणि ‘कोडेंच चुकीचें छापलेलें दिसतें’ असा निकाल देऊन वर्तमानपत्र बाजूला टाकलें जातें.

कोडें बहुधा चुकीचें नसतें. चुकलेली असते ती सोडविण्याची रीति. पेन्सिल जेथें थांबते तेथें कोड्यांतील तर्क संपलेला नसतो. तेथें केवळ त्याची पहिली पायरी संपलेली असते. पुढच्या पायऱ्या कोणत्या, आणि त्या चढणारा व अंदाजानें उडी मारणारा यांच्यांत खरा भेद कोणता, हें पाहण्यासारखें आहे.

या खेळाचें नांव जपानी असलें तरी त्याचा जन्म अमेरिकेंत झाला. इंडियानापोलिस येथील हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुशिल्पज्ञानें तो रचला असें मानण्यांत येतें. १९७९ सालीं डेल कंपनीच्या एका मासिकांत ‘नंबर प्लेस’ या नांवाखालीं, कर्त्याचें नांव न देतां, तो प्रसिद्ध झाला. १९८४ सालीं जपानच्या निकोली या प्रकाशनसंस्थेनें तो आपल्या नियतकालिकांत घेतला. ‘अंक एकटेच राहिले पाहिजेत’ अशा अर्थाचें लांबलचक नांव तेथें माकी काजी यांनीं त्याला दिलें, आणि त्या नांवाचा संक्षेप म्हणजेच सुडोकू. पुढें हाँगकाँगमध्यें न्यायाधीशाचें काम केलेले वेन गूल्ड यांना १९९७ सालीं टोकियो येथें हें कोडें आढळलें. अशीं कोडीं तयार करणारी आज्ञावली त्यांनीं संगणकासाठीं लिहिली, आणि १२ नोव्हेंबर २००४ रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रानें त्यांचें पहिलें कोडें छापलें. तेथून वर्ष-दोन वर्षांच्या आंत तें जगभर पसरलें.

नियम सर्वांस ठाऊक आहेत. प्रत्येक आडव्या ओळींत, प्रत्येक उभ्या स्तंभांत आणि जाड रेघांनीं वेगळ्या केलेल्या नऊ नऊ घरांच्या प्रत्येक चौकांत १ ते ९ हे अंक एकेकदांच आले पाहिजेत. याखेरीज एक अलिखित नियम आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे : प्रामाणिकपणें रचलेल्या कोड्याचें उत्तर एक आणि एकच असतें. या अलिखित नियमाची गरज पुढें लागणार आहे.

विवेचनाच्या सोयीसाठीं ओळी वरून खालीं व स्तंभ डावीकडून उजवीकडे मोजावेत. रिकाम्या घरांत जे अंक येणें अद्याप शक्य आहे, त्यांना त्या घराचे ‘उमेदवार’ म्हणावें. एकाच ओळींत, स्तंभांत किंवा चौकांत असलेलीं दोन घरें एकमेकांच्या नजरेंत आहेत असें समजावें. अशा दोन घरांत एकच अंक येऊं शकत नाहीं. नऊ ओळी व नऊ स्तंभ आंखलेला एक कागद पुढें ठेवला, म्हणजे पुढील उदाहरणें हातानें पडताळून पाहतां येतील.

नवशिका मनुष्य प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारतो : ‘येथें कोणता अंक येईल ?’ सोप्या कोड्यांत या प्रश्नाला उत्तर मिळतें. कठीण कोड्यांत तें मिळेनासें होतें, आणि तेथें प्रश्नच बदलावा लागतो. मुरलेला सोडविणारा विचारतो, ‘येथें कोणता अंक येऊं शकत नाहीं ?’ आणि ‘हा अंक या ओळींत कोठें कोठें बसूं शकेल ?’ तो प्रत्येक रिकाम्या घरांत सर्व उमेदवार बारीक अक्षरांत मांडतो आणि मग एकेक कमी करीत जातो. कठीण कोडें भरण्यानें पुढें सरकत नाहीं, खोडण्यानें सरकतें. पुढें येणाऱ्या सर्व युक्त्या या खोडण्याच्याच युक्त्या आहेत.

पहिली युक्ति उघड्या जोडीची. एका ओळींतील दोन घरांत २ आणि ५ हेच दोन उमेदवार उरले आहेत असें समजावें. २ कोणत्या घरांत जाईल व ५ कोणत्या, हें कळलेलें नाहीं. परंतु ते दोन अंक त्या दोन घरांबाहेर जाणार नाहींत, एवढें निश्चित आहे. म्हणून त्या ओळींतील इतर सर्व घरांतून २ व ५ खोडावेत. तीन घरांचेंहि असेंच होतें. १-४, ४-६ आणि १-६ असे उमेदवार असलेलीं तीन घरें एका ओळींत असलीं, तर १, ४ व ६ हे तीन अंक त्या तीन घरांचे झाले. इतरांनीं त्यांची आशा सोडावी.

याच युक्तीची दुसरी बाजू म्हणजे झांकलेली जोडी. एखाद्या चौकांत ४ आणि ८ हे अंक केवळ दोनच घरांत बसूं शकतात. त्यांपैकीं एका घरांत १, ४, ८ असे आणि दुसऱ्यांत २, ४, ६, ८ असे उमेदवार लिहिलेले आहेत. गर्दीमुळें जोडी नजरेस पडत नाहीं. पण दोन अंकांना दोनच जागा असल्यामुळें त्या घरांत तिसऱ्याला थारा नाहीं. म्हणून पहिल्यांतील १ आणि दुसऱ्यांतील २ व ६ खोडावेत. उघडी जोडी घरें पाहून सांपडते, झांकलेली जोडी अंक पाहून सांपडते. म्हणूनच वरचे दोन्ही प्रश्न आळीपाळीनें विचारीत राहणें अवश्य आहे.

दुसरी युक्ति चौक आणि ओळ यांच्या संबंधाची. डावीकडील वरच्या चौकांत ५ या अंकाला दुसऱ्या ओळींतल्याच घरांत जागा आहे. तो त्यांपैकीं कोणत्याहि घरांत गेला तरी दुसऱ्या ओळीचा ५ त्या चौकांतच खर्च होणार. तेव्हां त्या ओळीच्या उरलेल्या सहा घरांतून ५ खोडतां येतो. कोठें बसेल तें ठाऊक नाहीं, आणि तरीहि कोठें बसणार नाहीं तें ठाऊक आहे. कठीण कोड्याची सारी किल्ली या एका वाक्यांत आहे.

हीच किल्ली मोठ्या कुलुपाला लावली म्हणजे ‘एक्स-विंग’ नांवाची प्रसिद्ध युक्ति तयार होते. समजा, दुसऱ्या ओळींत ७ हा अंक तिसऱ्या व आठव्या स्तंभांतील घरांतच बसूं शकतो. आणि सहाव्या ओळींतहि नेमक्या त्याच दोन स्तंभांत. दुसऱ्या ओळीनें तिसरा स्तंभ घेतला, तर सहाव्या ओळीला आठवा घ्यावा लागेल. दुसरीनें आठवा घेतला, तर सहावीला तिसरा. घरें चौकोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतलीं. त्यांना जोडणाऱ्या दोन रेघा फुलीसारख्या छेदतात, म्हणून हें नांव. कोणतीहि रेघ खरी ठरली तरी तिसऱ्या व आठव्या या दोन्ही स्तंभांतील ७ या दोन ओळींतच खर्च होतो. म्हणून त्या दोन स्तंभांच्या इतर सर्व घरांतून ७ खोडावा. येथें ७ चें एकहि घर निश्चित झालेलें नसतें. आणि तरीहि चौदा घरांवर निकाल देतां येतो.

दोन ओळींऐवजीं तीन घेतल्या कीं ‘स्वोर्डफिश’ होतो. पहिल्या, चौथ्या व आठव्या ओळींत एखादा अंक दुसऱ्या, पांचव्या व नवव्या या तीन स्तंभांतच बसूं शकत असेल, तर तीन ओळींचे तीन अंक तीन स्तंभांत एकेक असेच वांटले जाणार. त्या स्तंभांच्या इतर घरांतून तो अंक निघाला. प्रत्येक ओळींत तिन्ही जागा मोकळ्या असल्याच पाहिजेत असें नाहीं. दोन असल्या तरी चालतें. ही आकृति डोळ्यांना सहजासहजीं दिसत नाहीं, याचें कारण हेंच.

पुष्कळदां एक्स-विंग जवळजवळ जमतो, पण एक पाय वांकडा पडतो. दुसऱ्या ओळींत ४ ला तिसरा व सहावा असे दोन स्तंभ मोकळे आहेत. आठव्या ओळींत तिसरा व पांचवा. तिसरा स्तंभ समाईक आहे, पण दुसरीं टोकें एका रेषेंत नाहींत. नवशिका येथें निराश होतो. परंतु तिसऱ्या स्तंभांत ४ एकदांच येणार, म्हणजे या दोन ओळींपैकीं निदान एकीला आपल्या दुसऱ्या टोकाकडे जावेंच लागणार. सारांश, दुसऱ्या ओळींतील सहावें घर आणि आठव्या ओळींतील पांचवें घर यांपैकीं निदान एकांत ४ आहे. मग जीं घरें या दोन्ही घरांच्या नजरेंत आहेत त्यांत ४ येणें अशक्य झालें. अशीं घरें चार : पहिल्या व तिसऱ्या ओळींतील पांचवीं घरें, आणि सातव्या व नवव्या ओळींतील सहावीं घरें. श्रोत्यांनीं कागदावर बोट ठेवून हें पाहिलें, तर चौक व स्तंभ मिळून कसे पहारा करतात तें स्पष्ट दिसेल.

आतांपर्यंत एकाच अंकाचा विचार झाला. ‘एक्सवाय-विंग’ या युक्तींत तीन अंक एकत्र येतात. पांचव्या ओळींतील पांचव्या घरांत ३ व ८ हे उमेदवार आहेत. त्याच ओळीच्या नवव्या घरांत ३ व ६ आहेत. पहिल्या ओळीच्या पांचव्या घरांत ६ व ८ आहेत. मधल्या घरांत ३ आला, तर नवव्या घराला ६ घेणें भाग पडतें. मधल्या घरांत ८ आला, तर वरच्या घराला ६ घेणें भाग पडतें. म्हणजे ६ या दोहोंपैकीं एकांत येणारच. पहिल्या ओळींतील नववें घर या दोघांच्याहि नजरेंत आहे. म्हणून तेथें ६ असल्यास खोडावा.

प्रारंभीं ज्या घराजवळ मनुष्य अडला होता, त्यांतहि ३ आणि ८ हेच उमेदवार होते. त्यानें ३ घालून पाहिला. तर्क करणारानें ३ आणि ८ या दोन्ही वाटांवर थोडें थोडें चालून पाहिलें आणि दोन्ही वाटा जेथें एकाच गोष्टीची साक्ष देतात तेवढीच गोष्ट उचलली. त्याला ३ खरा कीं ८ खरा हें अजून कळलेलें नाहीं. परंतु त्यानें जें खोडलें तें कधींहि परत लिहावें लागणार नाहीं. वर सांगितलेली प्रत्येक युक्ति नांवानें निराळी असली, तरी आंतून हीच आहे : दोन शक्यता, दोन्हींचा विचार, आणि दोन्हींतून निघणारा एकच निष्कर्ष. हें ओळखलें म्हणजे नांवें पाठ करण्याची आवश्यकता राहत नाहीं.

यावर एक आक्षेप येतो. अंदाज खरा निघाला, कोडें पुरें भरलें आणि एकहि नियम मोडला नाहीं, तर मग बिघडलें कोठें ? उत्तर तर बरोबरच आलें. आक्षेपांत तथ्य आहे. परंतु तें उत्तर बरोबर आहे असें कशावरून म्हणावयाचें ? त्या घरांत ८ घालूनहि दुसरें एखादें निर्दोष उत्तर निघालें नसतें, हें अंदाज करणारानें पाहिलेलें नाहीं. उत्तर एकच असतें असें रचणारानें आश्वासन दिलें आहे, म्हणून तो निश्चिंत आहे. उलट, ज्यानें आरंभापासून अखेरपर्यंत केवळ अशक्य तेंच खोडलें, त्याला रचणाराच्या शब्दाची गरजच पडत नाहीं. त्याचा कागद भरतो त्या क्षणीं दोन गोष्टी सिद्ध होतात : हें उत्तर आहे, आणि याहून दुसरें उत्तर नाहीं. पहिल्याला उत्तर सांपडलें. दुसऱ्याला उत्तर कळलें.

रचणाराच्या शब्दावर उघडपणें उभी असलेली एक युक्तिहि आहे, आणि तिच्याविषयीं जाणकारांत मतभेद आहे. पहिल्या व दुसऱ्या ओळींतील चौथ्या व सातव्या स्तंभांचीं चार घरें घ्यावींत. हीं घरें दोन ओळींत, दोन स्तंभांत आणि दोनच चौकांत पडतात. त्यांपैकीं तीन घरांत २ व ९ हेच उमेदवार आहेत. चौथ्यांत २, ९ व ५ आहेत. चौथ्या घरांत ५ नसता, तर चारी घरांत २ व ९ आलटून पालटून बसले असते आणि त्यांची अदलाबदल केली तरी एकहि ओळ, स्तंभ किंवा चौक बिघडला नसता. म्हणजे कोड्याला दोन उत्तरें झालीं असतीं. तीं तर असूं शकत नाहींत; म्हणून चौथ्या घरांत ५ च पाहिजे. युक्ति निर्दोष आहे, मात्र चार घरें दोनच चौकांत असतील तेव्हांच. तीं चार चौकांत विखुरलेलीं असलीं तर अदलाबदलीनें चौक मोडतात आणि अनुमान फसतें. मतभेद निराळ्या मुद्द्यावर आहे. कित्येकांच्या मतें उत्तर एकच असणें हा खेळाचा नियमच आहे, मग त्याचा उपयोग कां करूं नये ? इतरांच्या मतें तें सिद्ध करणें हेंच सोडविणाराचें काम. जें सिद्ध करावयाचें तेंच गृहीत कसें धरावें? दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. आपण उसनें घेतों आहों हें ठाऊक असून घेणें, आणि नकळत घेणें, यांत मात्र अंतर आहे.

यंत्राला असा संकोच नसतो. संगणक एक अंक घालतो, चुकला तर मागें येतो, दुसरा घालतो, आणि क्षणार्धांत कोडें पुरें करतो. पूर्ण भरलेल्या सुडोकूच्या मांडण्या किती होऊं शकतात, याचें गणित फेल्गेनहावर व जार्विस यांनीं २००५ सालीं केलें. ती संख्या सुमारें ६६७ वर १९ शून्यें एवढी आहे. कमींत कमी किती अंक दिले असतां उत्तर एकच राहील, हा प्रश्न पुष्कळ वर्षें लोंबकळत होता. १७ अंकांचीं कोडीं ठाऊक होतीं; ऑस्ट्रेलियांतील गॉर्डन रॉयल यांनीं तशीं सुमारें ४९,००० जमविलीं होतीं. पण १६ चें एकहि सांपडत नव्हतें. सांपडत नाहीं म्हणजे नाहींच, असें गणितांत चालत नाहीं. डब्लिन येथील गॅरी मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संगणकाकडून सर्व शक्यता तपासून घेतल्या आणि १६ अंकांचें असें कोडें असूंच शकत नाहीं, हें २०१२ च्या आरंभीं जाहीर केलें. म्हणजे यंत्राचें खरें मोठेपणहि अंदाज करण्यांत नव्हतें. एकहि वाट न सोडतां तपासण्यांत होतें. दिलेले अंक थोडे म्हणजे कोडें कठीण, ही समजूत मात्र चुकीची आहे. १७ अंकांचीं कित्येक कोडीं पहिल्याच पायरीवर सुटतात, आणि त्याहून अधिक अंकांचीं कांहीं कोडीं, विशेषतः फिनलंडचे आर्तो इंकाला यांनीं रचलेलीं, येथें दिलेल्या युक्त्यांनाहि दाद देत नाहींत. त्यांत दोन्ही वाटांवर फार लांबवर चालून पाहावें लागतें.

शर्यतीची गोष्ट अर्थातच निराळी. सुडोकूची जागतिक स्पर्धा २००६ सालीं इटलींतील लुक्का येथें सुरू झाली. तिसरी स्पर्धा एप्रिल २००८ मध्यें गोव्यांत भरली. अमेरिकेचे टॉमस स्नायडर तींत विजयी झाले. अशा ठिकाणीं घड्याळ समोर असतें आणि भरलेला कागद तेवढा पाहिला जातो. तेथें कोणी क्षणभर अंदाज बांधून पुढें गेला तर त्याला दोष देतां येत नाहीं. पण घरांत चहाच्या पेल्याशेजारीं पडलेल्या कोड्याला घड्याळ नसतें. तेथें घाई कोणाची ?

तेव्हां पेन्सिल थांबली म्हणजे करावयाचें तें थोडक्यांत असें. प्रथम सर्व उमेदवार नीट लिहिले आहेत ना, हें पुन्हां पाहावें. पुष्कळ अडचणी एखादा उमेदवार लिहावयाचा राहिल्यामुळें किंवा खोडावयाचा राहिल्यामुळें येतात. मग जोड्या शोधाव्या, उघड्या आणि झांकलेल्या. मग प्रत्येक चौक आपल्या ओळींशीं ताडून पाहावा. मग एकेक अंक घेऊन, ज्या ओळींत त्याला दोनच जागा आहेत त्या ओळी शेजारीं शेजारीं मांडाव्या. शेवटीं दोन उमेदवारांचीं घरें घेऊन त्यांच्या दोन्ही वाटा चालून पाहाव्या. एक उमेदवार जरी खोडला गेला, तरी पहिल्या पायरीपासून पुन्हां आरंभ करावा. कारण पुष्कळदां त्या एका खोडण्यानें अडलेला सारा ओघ मोकळा होतो.

एवढें करूनहि कोडें सुटलें नाहीं तर कागद घडी करून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीं उघडावा. आंतील प्रत्येक खूण खरी असल्यामुळें तो जेथें सोडला तेथूनच पुढें नेतां येतो. अंदाजानें भरलेला कागद मात्र दुसऱ्या दिवशीं कोणाच्याच उपयोगाचा नसतो, ज्यानें भरला त्याच्याहि नाहीं. हें कोडें जगभर नेणारे गृहस्थ न्यायाधीश होते, हा निव्वळ योगायोग असेल. परंतु पुरावा अपुरा असतां निकाल देऊं नये, आणि पुरावा पुरेसा होईपर्यंत कंटाळूं नये, हें शिकविणारा इतका स्वस्त आणि इतका शांत खेळ दुसरा क्वचितच सांपडेल.